फितीवरचा आवाज : जुन्या ध्वनिफितींच्या कामातून उमगलेले

ध्वनिफीत म्हणजे प्लास्टिकची अरुंद पट्टी आणि तिच्या एका बाजूवर बसवलेला लोहऑक्साइडचा पातळ थर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला बहुतेक ध्वनिसंग्रह एवढ्याशा साहित्यावर उभा आहे. मैफली, कीर्तने, भाषणे, मुलाखती, मंगलाष्टके, दूरदेशी गेलेल्या मुलाला धाडलेली खुशाली, सगळे याच पट्टीवर साठले. जुन्या फिती दुरुस्त करून त्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून घेणाऱ्याला त्यांची दोन्ही रूपे रोज दिसतात. लोक त्यांच्यावर जीव का टाकतात ते कळते आणि त्या ऐन वेळी दगा का देतात तेही. सुरुवातीच्या काळात या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पुढे लक्षात येते की दोन्हींचे मूळ एकच आहे. फितीवर आवाजाला लांबी, रुंदी आणि जागा असते. त्याला हात लावता येतो, तो कापता येतो, जोडता येतो, तुटला तर सांधता येतो. हाताला लागणारी वस्तू असल्यामुळेच तो झिजतो, चिकटतो आणि बुरसतोही.

फितीचा हिशेब

चुंबकीय फीत जर्मनीत जन्मली. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहकणांचा लेप देऊन ती बनवली. एईजी कंपनीने १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र मांडले. १९४० च्या सुमारास, मुद्रण करताना आवाजात अतिउच्च वारंवारतेचा प्रवाह मिसळण्याची युक्ती सापडली आणि फितीचा आवाज एकदम स्वच्छ झाला. महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी नेली. १९४८ मध्ये अमेरिकेत ॲम्पेक्स कंपनीचे पहिले यंत्र आले आणि रेडिओ व संगीत या दोन्ही धंद्यांची रीतच बदलली.

त्यानंतर निघालेला प्रत्येक प्रकार तीन आकड्यांनी समजून घेता येतो : फितीची रुंदी, तिचा वेग आणि तिची जाडी. दर सेकंदाच्या आवाजासाठी किती फीत खर्चायची, हा एकच प्रश्न ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवला. स्टुडिओतली पाव इंची फीत सुमारे ६.३ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ३८.१ सेंटिमीटर धावते. पूर्ण रुंदीवर मोनो मुद्रण असेल तर एका सेकंदाच्या आवाजाला सुमारे २,४०० चौरस मिलिमीटर जागा मिळते. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, आणि स्टिरिओतली एकेका बाजूची पट्टी ०.६ मिलिमीटरची. तिथे त्याच सेकंदाच्या वाट्याला जेमतेम २९ चौरस मिलिमीटर येतात. फरक ऐंशी पटींहून अधिक आहे. स्पूलवरच्या, म्हणजे उघड्या रिळावरच्या, आवाजाचा भरीवपणा आणि कॅसेटवरची बारीक खरखर यांचा बराचसा उलगडा या एका हिशेबात होतो.

घरी मुद्रण करणाऱ्यांनी हा हिशेब बहुधा काटकसरीने केला. सात इंची रिळावर साधारण १,२०० फूट फीत मावते. ती सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने बत्तीस मिनिटे चालते, साडेनऊ सेंटिमीटरने तासाहून थोडी जास्त. रिळे महाग होती आणि मैफल लांबायची. त्यामुळे घरगुती स्पूल हाती आले की ते हळू वेगाचे असणार असे धरून चालावे लागते. अर्धे रीळ एका वेगात आणि उरलेले दुसऱ्या वेगात, असेही पुष्कळदा निघते. फीत संपत आली की वेग कमी करून राग पुरा करून घेतलेला असतो.

स्पूलची ओढ आणि त्याचे दुखणे

स्पूलचे पहिले आकर्षण कारागिरीचे आहे. ३८ सेंटिमीटर वेगावर एक अक्षर उच्चारायला लागणारा सेकंदाचा पाचवा भाग फितीवर साडेसात सेंटिमीटर व्यापतो. तेवढी लांबी बोटांत धरता येते. नभोवाणीच्या संपादनखोल्यांतून रिळे हाताने पुढेमागे फिरवून अक्षराची सुरुवात कानाने शोधायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यात फीत बसवून ब्लेडने तिरपा छेद द्यायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची, ही रीत अनेक दशके चालली. छेद तिरपा घेतला की जोड ऐकू येत नाही. हे काम शिकलेल्या माणसाचा कान वेगळाच तयार होतो. वाक्यातला श्वास कुठे आहे आणि तो किती ठेवायचा, हे त्याला घड्याळ न बघता कळते.

दुसरे आकर्षण आवाजाचे. फीत जोरात भरली तरी तिचा आवाज एकदम फाटत नाही. चुंबकीय कण हळूहळू भरत जातात आणि तबल्याची खणखणीत थाप कडेने किंचित गोल होते. गायकाने अचानक तार षड्जाला झेप घेतली तरी फीत ती सोसते. डिजिटल मुद्रणात मर्यादा ओलांडली की आवाज तिथेच चिरफाळतो. जुने ध्वनिमुद्रक फितीबद्दल आपुलकीने बोलतात त्यामागे हा अनुभव आहे.

आता दुखणे. जुन्या फितींचा पाया ॲसिटेटचा असे. रीळ उजेडासमोर धरले आणि कडेतून प्रकाश झिरपला तर ते ॲसिटेटचे समजावे. पॉलिएस्टरचे रीळ अपारदर्शक दिसते. ॲसिटेट काळानुसार सुकते, वाकडे होते आणि कुजू लागले की त्याला शिरक्याचा आंबट वास येतो. डबा उघडताच तो वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळे ठेवावे लागते, कारण त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या रिळांचेही नुकसान करते. एका कीर्तनकार घराण्याच्या पेटाऱ्यातून निघालेली रिळे अशीच होती. फीत ठिकठिकाणी तुटलेली होती, पण तुटलेली टोके स्वच्छ होती. ॲसिटेट ताणले जात नाही, कडकन तुटते. त्यामुळे टोकाला टोक लावले की एक अक्षरही हरवत नाही. पॉलिएस्टर चिवट आहे, पण तुटण्याआधी ते ताणले जाते आणि ताणलेल्या भागातला सूर कायमचा बिघडतो. मजबूत फीत ती सुरक्षित, ही समजूत अशा वेळी मोडीत निघते.

सगळ्यात फसवे दुखणे लेपाचे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बनलेल्या अनेक फितींत लोहकण धरून ठेवणारे पॉलियुरेथेनचे बंधक हवेतला ओलावा शोषून विघटित होते. बाहेरून अशी फीत नवीकोरी दिसते. यंत्रावर चढवली की ती किंचाळते, हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राब साचतो आणि काही मिनिटांत फीत थबकते. तपकिरी राब म्हणजे आवाजच असतो, खरवडून निघालेला. यावर उपाय म्हणजे ही फीत साधारण ५० ते ५५ अंश सेल्सियस तापमानात कित्येक तास सावकाश शेकणे. ओलावा निघाला की ती काही आठवडे वाजवण्यासारखी होते आणि मग पुन्हा चिकटू लागते. तेवढ्या मुदतीत ती उतरवून घ्यायची. स्वयंपाकाची भट्टी यासाठी चालत नाही, कारण तिचे तापमान स्थिर राहत नाही. ॲसिटेटची फीत तर कधीच शेकायची नाही. म्हणून कुठल्याही रिळाला उष्णता देण्याआधी उजेडाची परीक्षा हा पहिला नियम.

कॅसेट : घरोघरीचा ध्वनिमुद्रक

फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसल्ट इथल्या कारखान्यात लू ओटेन्स यांच्या चमूने कॉम्पॅक्ट कॅसेट घडवली आणि १९६३ मध्ये ती बर्लिनच्या प्रदर्शनात आली. तोंडी सांगितलेला मजकूर टिपण्यासाठी, कुठेही नेता येईल असे साधन म्हणून तिची आखणी झाली होती. संगीत नंतर आले. संगीताला लायक होण्यासाठी तिला चांगल्या लेपाची आणि खरखर कमी करणाऱ्या योजनेची गरज होती. ती योजना रे डॉल्बी यांनी दिली. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात काम करत होते आणि इथून परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. त्यांची ‘बी’ पद्धत कॅसेटमध्ये आली आणि वरच्या पट्टीतली खरखर सुमारे दहा डेसिबलने उतरली.

भारतात कॅसेटने संगीताचा बाजारच उलथवला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल मांडला. तबकड्यांच्या काळात मुद्रणाची किल्ली मोजक्या कंपन्यांच्या हाती होती. कॅसेटमुळे लहान शहरांतले लोक आपल्या बोलीतली गाणी काढू लागले. महाराष्ट्रात भीमगीते, पोवाडे, भारुडे, कोळीगीते, गावोगावची देवीची गाणी कॅसेटवर आली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर भीमगीतांच्या कॅसेटचे ठेले लागत. कंपनीने काढलेली कॅसेट मात्र बहुधा आणखी कुठे तरी मिळते. दुरुस्तीला येणारी खरी दुर्मीळ वस्तू म्हणजे घरच्या टू-इन-वनवर भरलेली कॅसेट, जिची दुसरी प्रत जगात नाही.

रत्नागिरीकडच्या एका कुटुंबाकडची पिशवी याचे चांगले उदाहरण आहे. घरातला कर्ता मुलगा आखातात नोकरीला. पत्राऐवजी कॅसेट जायची आणि तीच उत्तर भरून परत यायची. आईचा आवाज, मागे कोंबड्या, मध्येच शेजारीण येऊन बोलून जाते. अशा कॅसेटमध्ये पहिली अडचण वेगाची असते. भरताना सेल उतरत गेले की यंत्र मंदावते आणि ती कॅसेट नीट चालणाऱ्या यंत्रावर वाजवली की माणसे भराभर आणि चिरक्या आवाजात बोलू लागतात. बिघाड एकसारखाही नसतो, शेवटाकडे वाढत जातो. त्याच पिशवीतल्या एका भजनात पेटी होती. काळी एक पट्टीत सुरू झालेले भजन संपेपर्यंत पांढरी दोनच्या वर चढले होते. अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्के वेग. पेटीचा सूर स्थिर असतो, म्हणून तिला धरून वेग मागे आणता आला. ध्वनिक्षेपकाची वीज-घुमघुम मुद्रणात उतरली असेल तर तीही मदतीला येते, पण त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवर पक्की नसे. त्यामुळे घुमघुमीवर ढोबळ भरवसा ठेवायचा आणि बारीक जुळवणी पेटीवरून करायची.

दुसरी अडचण यंत्रातल्या आपोआप पातळी ठरवणाऱ्या मंडलाची. माणूस बोलायचा थांबला की ते मंडल संवेदनशीलता वाढवते आणि पंख्याचा आवाज वर येतो. टाळ्या पडल्या की पुढचे दोन-तीन सेकंद गाणे दबते. हे मुद्रणातच बसलेले असते, ते पूर्ण काढता येत नाही. तिसरी अडचण पुन्हा भरण्याची. कॅसेटच्या मागची पिटुकली खुंटी तोडली की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही, पण त्या भोकावर सेलोटेप लावला की येते, आणि तो सर्रास लावला जाई. वरून सिनेमाची गाणी भरलेल्या कॅसेटमध्ये गाणी संपल्यावर थोडी शांतता आणि मग आधीच्या मुद्रणाचा उरलेला तुकडा ऐकू येतो. वेष्टनावर त्याचा उल्लेख कधीच नसतो. म्हणून दोन्ही बाजू अखेरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत वाजवायच्या, मधे कितीही शांतता असली तरी.

हेडचा कोन आणि तंबोऱ्याची जवारी

कॅसेटच्या कामात सर्वाधिक फरक पाडणारी गोष्ट अगदी बारीक आहे. कॅसेटच्या वेगाला दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची फितीवरची तरंगलांबी पाच मायक्रॉनपेक्षाही कमी भरते. हेडमधली फट फितीला काटकोनात नसेल, तिच्यात अगदी पुसटसा कल असेल, तरी हे बारीक तरंग एकमेकांत मिसळून पुसले जातात. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याचा कल एक आणि वाजवणाऱ्या यंत्राचा दुसरा असेल तर चांगली कॅसेटही उशीखालून ऐकल्यासारखी वाटते. अनेक कॅसेट ‘खराब झाल्या’ म्हणून टाकून दिल्या जातात त्या याच कारणाने, आणि त्यांच्यात बिघडलेले काही नसते.

पुण्यातल्या एका शास्त्रीय संगीतप्रेमीने वर्षानुवर्षे खासगी मैफली भरून ठेवल्या होत्या. त्यांतली एक सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, वाजवली तेव्हा गाणे कळत होते, तंबोरा मात्र नुसता गुणगुणल्यासारखा. डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्या एकत्र करून मोनोत ऐकायचे, हेडशेजारचा स्क्रू बारीक पेचकसाने अगदी थोडा फिरवायचा आणि कान वरच्या पट्टीवर ठेवायचा, ही रीत. एका बाजूला फिरवल्यावर आवाज आणखी मंद झाला. उलट फिरवल्यावर आधी गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ची धार आली, मग तबल्याच्या चाटीची कड, आणि एका नेमक्या जागी तंबोऱ्याची जवारी खुलली. त्या जागेच्या किंचित पुढे गेले की ती पुन्हा मिटते. स्क्रूच्या फेऱ्याचा अगदी लहानसा अंश, पण त्याच्यावर मैफलीचा सगळा पोत अवलंबून होता. पुढच्या प्रत्येक कॅसेटला, आणि कधी प्रत्येक बाजूलाही, ही जुळवणी नव्याने करावी लागते.

त्याच संग्रहात डॉल्बीचा घोळही होता. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बीविना वाजवली तर आवाज टोकदार आणि खरखरीत लागतो. डॉल्बी नसलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून वाजवली तर आवाज झाकोळतो. कॅसेटवर नोंद क्वचितच असते. हेडचा कोन आधी नीट केल्याशिवाय डॉल्बीचा निर्णय घेता येत नाही, कारण चुकलेला कोनही आवाज असाच झाकोळतो. कामाचा क्रम किती महत्त्वाचा आहे, हे या दोन दोषांच्या गुंत्यातून पक्के होते.

जाडीचा हिशेबही इथे पुढे येतो. सी-६० ची फीत सुमारे १६ मायक्रॉन जाड, सी-९० ची ११ च्या आसपास, सी-१२० ची ९. त्याच खोक्यात जास्त वेळ कोंबायचा तर फीत पातळ करावी लागते. पातळ फीत यंत्रात गुंडाळली जाते, आणि गुंडाळीतल्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा छापला जातो. आलाप सुरू होण्याआधीच्या शांततेत पहिल्या षड्जाची सावली ऐकू येते ती त्यामुळे. वाजवण्याआधी कॅसेट दोन-चार वेळा पुढे-मागे पूर्ण फिरवून घेतली की ही सावली थोडी फिकी होते. रिळे शेवटचे टोक बाहेर ठेवून साठवण्याची जुनी पद्धत यासाठीच होती. तशी ठेवली की छापाचा जोरदार भाग मूळ सुराच्या नंतर येतो आणि त्या सुराच्या विरण्यातच झाकला जातो.

बाकीचे प्रकार

एट-ट्रॅक कार्ट्रिज १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत बिल लिअर यांनी मोटारींसाठी आणली. एकच रीळ, फीत मधून निघते आणि बाहेरून परत गुंडाळली जाते, त्यामुळे उलटावी लागत नाही. पण मागे फिरवता येत नाही, आणि चार भागांत विभागणी असल्याने कधी कधी गाणे मध्येच तुटून दुसऱ्या भागात सुरू होते. भारतात ती फारशी रुळली नाही. सोनीची एल्कॅसेट १९७६ मध्ये आली. मोठ्या खोक्यात पाव इंची फीत आणि दुप्पट वेग, म्हणजे हिशेबाने उत्तम. पण तोवर साधी कॅसेट पुरेशी सुधारली होती आणि १९८० मध्ये तो प्रकार संपला.

मायक्रोकॅसेट ऑलिम्पसने १९६९ मध्ये आणली. वेग सेकंदाला २.४ सेंटिमीटर आणि निम्म्या वेगाला १.२. पत्रकार, वकील, संशोधक यांच्या खिशात ती असे. तिचे काम बोललेले शब्द टिपायचे, आवाजाचा पोत टिपण्याचे नव्हे. एका ज्येष्ठ पत्रकाराच्या जुन्या मुलाखती उतरवताना शब्दांची पहिली अक्षरेच गायब असल्याचे दिसले. बोलणे सुरू झाल्यावर आपोआप चालू होणारी सोय वापरलेली होती आणि यंत्र जागे होईपर्यंत अर्धे अक्षर निघून जाई. असे मुद्रण उतरवून तेवढ्यावर थांबता येत नाही. बोलणारा किंवा ऐकणारा माणूस हयात असेपर्यंत त्याच्याकडून ते शब्दशः लिहून घ्यावे लागते.

डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिफीत, १९८७ मध्ये सोनीने बाजारात आणली. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. खरखर नाही, वेगाची कुरबुर नाही. फिरत्या ढोलकावरची हेड लहानशा फितीवर तिरप्या रेघांत मजकूर लिहितात. क्षेत्रात जाऊन मुद्रण करणाऱ्यांना हे वरदान वाटले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या काही हजारांचे ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने डॅटवर झाले. ते पुढे जपले गेले ही भाग्याची गोष्ट. कारण डॅटचा दोष फार कठोर आहे. साधी फीत बिघडली की आवाज मंद होतो, फाटतो, तरी शब्द लागतात. डॅटमध्ये दोष दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेला की ऐकू येते ती फक्त शांतता. शिवाय ज्या यंत्रावर भरले त्याचेच ढोलक तिरके असेल तर दुसरे यंत्र ती फीत वाचायलाच नकार देते. सोनीने ही यंत्रे बनवणे २००५ मध्ये थांबवले. सगळ्यांत नवा प्रकार सगळ्यांत आधी धोक्यात येतो, हा या कामातला मोठा धक्का आहे. संग्रहातली प्राधान्याची यादी वयानुसार लावण्याची सवय त्यानंतर सुटते.

यंत्र आणि हात

फीत दीर्घायुषी आहे, यंत्र नाही. रबरी पट्टा विरघळून काळ्या डांबरासारखा चिकट होतो, फीत पुढे सरकवणारा पिंच रोलर कडक होऊन तिला एका बाजूला ओढतो, हेड झिजते, स्क्रूड्रायव्हर लागून चुंबकित होते. कॅसेटमध्येही नमद्याची इवलीशी गादी असते, फितीला हेडवर टेकवणारी. तिचा गोंद सुकून ती गळून पडली की आवाज येतो-जातो. पाच स्क्रूंची कॅसेट उघडून रिळे दुसऱ्या खोक्यात ठेवणे सोपे आहे. चिकटवून बंद केलेली कॅसेट कडेने पात्याने फोडावी लागते, आणि तिथे घाई केली की पाते फितीवर जाते.

पावसाळी हवेत बुरशी हे आणखी एक संकट. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती यंत्रात घालायची नाही. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. आधी कोरड्या जागी वाळवायची, मग तोंडाला फडके बांधून, वेगळ्या जुन्या यंत्रावर मऊ कापडातून फिरवत पुसायची. घरी साधा सेलोटेप लावून केलेला जोडही सापडतो. त्याचा गोंद कडेने ओघळून शेजारचे वेढे चिकटवतो. तो सोडवायला वेळ लागतो, पण खालचा आवाज बहुधा शाबूत असतो.

अलीकडे कॅसेटची हौस पुन्हा वाढली आहे, नव्या कॅसेट निघत आहेत, काही यंत्रेही बनतात. त्या आनंदात खोटे काही नाही. पण नव्या यंत्रांत डॉल्बी ‘बी’ची मूळ सोय नसते आणि बहुतेकांचा गाभा एकाच साध्या यंत्रणेचा असतो. जुन्या मुद्रणाला न्याय द्यायचा तर जुनीच चांगली यंत्रे सांभाळावी लागतात, आणि ती उघडून नीट करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. युनेस्कोने ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर चुंबकीय फितींबद्दल जागतिक इशारा दिला तो याच कारणाने. तज्ज्ञांनी २०२५ ही साधारण मुदत धरली होती. त्यानंतर यंत्रे आणि सुटे भाग मिळणे फार कठीण होईल असा तो अंदाज होता. फिती त्या वर्षी मेलेल्या नाहीत, पण दरवर्षी काम महाग आणि अवघड होत आहे, हे रोजच्या अनुभवाशी जुळते.

कामाने शिकवलेले

पहिली शिकवण वेळेची. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटे लागतात, आणि बसून ऐकावीच लागते. संग्रह मोठा असेल तर आधी निवड करावी लागते. दुसरीकडे प्रत नाही ते आधी. मग डॅट आणि मायक्रोकॅसेट, मग चिकटणारी आणि आंबट वासाची रिळे, मग घरगुती कॅसेट, आणि बाजारात निघालेल्या कॅसेट सगळ्यात शेवटी.

दुसरी शिकवण पहिल्या वाजवण्याची. नाजूक फीत पहिल्यांदा वाजते तीच कदाचित शेवटची वेळ असते. म्हणून आधी स्वच्छता, मग कोन, मग थेट मुद्रण. ‘जरा ऐकून बघू’ म्हणून फीत फिरवायची नाही.

तिसरी शिकवण हात आवरण्याची, आणि कामाची दिशा बदलणारे वळण तिथेच येते. नवे संगणकी साधन हाती आले की खरखर काढण्याचा मोह होतो. जात्यावरच्या ओव्यांसारख्या मुद्रणात मात्र जात्याची अखंड घरघर हा आवाज संगणकाच्या दृष्टीने गोंगाटच असतो. तो काढला तर ओवी लख्ख ऐकू येते आणि तिची लय नाहीशी होते, कारण ओवी त्या घरघरीवरच टेकलेली असते. म्हणून फितीवर जे आहे ते जसेच्या तसे, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला उतरवून तीच मूळ प्रत मानायची, हा ध्वनिसंग्रहालयांचा दंडक पाळायचा. ऐकायला साफ केलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करायची, मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

चौथी शिकवण नोंदींची. कोण बोलते आहे, कुठे, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी, हे वेष्टनावर नसते. ते घरातल्या एखाद्या वयस्क माणसाच्या आठवणीत असते. आवाज उतरला पण माणूस ओळखू आला नाही, तर अर्धे काम झाले असे म्हणावे लागते. त्यामुळे कॅसेट उतरवण्याइतकाच वेळ त्या माणसाशेजारी बसून नोंद करण्यात द्यावा लागतो. ती नोंद फाइलसोबत ठेवायची, आणि कागदावरही.

शेवटी साठवणीचा प्रश्न. हार्ड डिस्कही बिघडते, आणि ती डॅटसारखीच आधी काही न सांगता बंद पडते. म्हणून दोन ठिकाणी दोन प्रती असाव्यात आणि ठरावीक वर्षांनी त्या तपासून नव्या साधनावर न्याव्यात. उतरवून झालेली मूळ फीत टाकून द्यायची नाही. ती कोरड्या, थंड जागी उभी ठेवायची. यंत्र चालू राहिले आणि पुढे कुणाचा कान व हात अधिक तरबेज निघाला, तर त्याच फितीतून आजच्यापेक्षा चांगला आवाज निघू शकतो. फितीला हात लावता येतो, ती पुन्हा दुरुस्त करता येते, हा तिचा गुण तेव्हाही उपयोगी पडेल. त्यासाठी ती जपलेली हवी, आणि ती हाताळण्याची विद्या पुढच्या माणसाला शिकवलेली हवी.